उघडी जागा

बाबाचा उजवा डोळा दोनदा कापलाय.

पहिल्यांदा शाळेत, शिबिरात.
बाकांवर चादरी, खिडकीला निळं प्लास्टिक,
ओरुरोहून आलेला घाईतला एक माणूस.
नाकाकडून बुबुळावर चढलेला मांसाचा तिकोनी पडदा
त्यानं खरवडून काढला,
खालचं पांढरं तसंच उघडं ठेवलं
आणि दुपारच्या गाडीनं गेला.
आठ महिन्यांत पडदा हजर.
आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा लाल,
वाटणी मागायला आलेल्या भावकीसारखा.

"उघडी जागा दिसली की कुणीतरी बळकावतंच,"
पोतोसीच्या डॉक्टर आरांदिया म्हणाल्या.
त्यांनी वरच्या पापणीखालून,
जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं तिथून,
नखाएवढा पापुद्रा सोडवला
आणि त्या जागेवर चिकटवला.
टाका एकही नाही.
बाबाला वाटलं, फसवलं.
त्यानं आजवर जे जे जोडलं
ते दोरीनं बांधून.

अडचण अशी, की माझा बाप साटुर्निनो कोल्के
परत येण्यावरच जगलेला माणूस.
कोल्चानीबाहेर तो कुऱ्हाडीनं मिठाच्या विटा कापतो.
खड्ड्यात खालून पाणी चढतं,
त्यावर साय धरते, साय कडक होते,
काही वर्षांनी तिथंच पुन्हा कुऱ्हाड.
ऑगस्टच्या पहिल्या दिवशी आई
पाचामामाला कोकाची पानं देते, लामाची चरबी, घोटभर दारू,
आणि एकच मागते: कापलं ते भरून दे.

यंदा ती धुरापुढे बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "मिठाचं भरून दे.
ह्याच्या डोळ्याचं राहू दे."
आणि उठता उठता,
"गल्लत करू नकोस म्हणजे झालं."

थेंबांचं काम माझ्याकडे.
बाटली हलवायची, पापणी खाली ओढायची,
तो छताकडे बघत शिवी देतो, मग थेंब.
दिवसातून सहा, मग चार, मग तीन.
भिंतीवर कोळशाच्या रेघा.
डोळ्यात तेल घालून राखण करतात म्हणे,
मी हे दुधट पाणी घालते.

चष्म्यावरून मात्र रोज भांडण.
ऊन वरून येतं तेवढंच खालून येतं इथं,
टोपी अर्धंच अडवते.
मी काड्यांना कातड्याच्या झडपा शिवल्या.
तो म्हणतो, काळ्या काचेतून सगळं मीठ शिळं दिसतं.
विटेतल्या तपकिरी रेघा दिसत नाहीत,
कुठलं वर्ष कुठं संपलं कळत नाही,
वीट भलतीकडे फुटते.
मी रागावले: "खाल्ल्या मिठाला जागलास, पुरे झालं."
"मीठ मला ओळखतं," तो म्हणाला.
"ओळखतं म्हणूनच."

पाचव्या महिन्यात, आंघोळीनंतर,
त्या पापुद्र्याच्या कडेला
एक बारीक लाल रेघ दिसली.
मी दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी त्याला छपरावर चढवला, तिथंच रेंज येते,
डोळा ताणून फोटो काढला,
चौथ्यांदा कुठे नीट आला.
तो विचारत राहिला, काय दिसतं?
मी म्हटलं, माझाच अंगठा.

उत्तर रात्री आलं.
शीर आहे. वाढ नाही, अजून तरी.
थेंब बंद करू नका. चष्मा.
चष्मा हा शब्द दोनदा लिहिला होता.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
"अजून तरी" सुद्धा.
तो भाकरी मोडत राहिला.

सकाळी ट्रकवर विटा चढवताना पाहिलं:
चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी,
डोक्यामागून आवळलेली,
आणि तिला तीच दुहेरी गाठ
जी तो भरल्या ट्रकला मारतो,
जी मला अजून सोडवता येत नाही.